माझ्या लोखंडात करंट उतरला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी कडबाकुट्टी आहे. माले गावात धुळाच्या शेळ्यांच्या गोठ्यात मी राहते. मक्याची ताटं माझ्या तोंडात घातली की माझी पाती त्यांचे बारीक तुकडे करतात. माझ्या अंगापासून एक हिरवी वायर जमिनीत पुरलेल्या सळईपर्यंत जायची. ती अर्थिंगची वायर. मोटरीत बिघाड होऊन वीज माझ्या लोखंडात उतरली, तर ही वायर ती वीज जमिनीत नेणार होती.

गोठ्यात कोबा घालताना ती वायर तुटली. "तिच्याबिगर बी चालतंय की," धुळा म्हणाला. मी चाललेही. पुढं मोटरीत ओल शिरली. धुळाची बायको तुकाबाई एकदा हात झटकत म्हणाली, "आवो, हिला हात लावला की मुंग्या येत्यात."

"चप्पल घालून लाव. काय न्हाई व्हत."

एका सकाळी त्यांच्या सुनेनं, उज्वलानं, गोठा धुतला. ओल्या अनवाणी पायांनीच ती वैरण घालायला आली आणि तिचा हात मला चिकटला. तिला ओरडताही येईना. मित्रांनो, मला तिला सोडायचं होतं हो! पण लोखंडाला कुठली सुटका ठाऊक? तुकाबाई धावली.

"शिवू नगं तिला!" धुळा ओरडला आणि त्यानं मेन स्विच पाडला. उज्वला कोसळली. तिला जीपमध्ये घालून सगळे पौडला दवाखान्यात गेले.

शेळ्या भुकेनं ओरडू लागल्या. घरी कुणी नसलं की शेळ्यांना वैरण घालणारा शेजारचा एकनाथ शेतातून आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं मेन स्विच वर केला, वैरण उचलली. त्याचेही पाय अनवाणी, कोबाही ओलाच. नको रे, नको! मी आतल्या आत आक्रोश करत होते. त्याचा हात माझ्यापाशी आला, इतक्यात खिशातला फोन वाजला. पलीकडं तुकाबाई रडत होती. "एकनाथ, कुट्टीला हात लावू नगंस! करंट हाय तिच्यात!"

त्यानं वैरण टाकली आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला.

उज्वला वाचली. वायरमननं मोटर दुरुस्त केली, अर्थिंग नव्यानं जोडलं. मित्रांनो, मुंग्या आल्या तर चपलेवर विसंबू नका. आधी वीज बंद करा, वायरमनला बोलवा.

आता उज्वला गोठ्याच्या दारापर्यंतच येते. हाताला पट्टी असते. माझ्याकडं पाहते आणि मागं सरते. आता मला हात लावलास तरी काही होणार नाही, हे मी तिला कसं सांगू?