पारखीचा होकार

कारखान्यात त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी तो पारखी. गाडीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची घरं तिथे बनत, त्यांना सगळे ट्रेलर म्हणत. आणि तयार झालेला प्रत्येक ट्रेलर फाटकाबाहेर पडण्याआधी पारखीच्या हाताखालून जायचा. भिंतीवर बोटांची पेरं आपटायची, जमिनीवर टाच रोवायची, कपाटांची दारं उघडून मिटायची, कोपऱ्यात नाक खुपसून वास घ्यायचा, हे त्यानं सव्वीस वर्षं केलं. सुतारमंडळी पाठीमागे त्याच्या नावानं बोटं मोडत. पण घरच्या कुणाला ट्रेलर घ्यायचा झाला की तीच मंडळी त्याच्या दाराशी उभी. पारखी हो म्हणाला की डोळे मिटून घ्या, अशी त्याची ख्याती.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी त्याची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. घर खायला उठायचं. मग थोरल्या बहिणीनं, ताईनं, परस्पर ठरवूनच टाकलं की रविवारी तू आमच्याकडे जेवायचं. होता होता रविवारला बुधवारही जोडला गेला. जेवण झाल्यावर तो भाऊजींबरोबर पत्ते कुटायचा, ताई मशीनवर कुणाची तरी पँट आखूड करत असायची, आणि पारखीला वाटायचं, चला, अजून आपलं कुणीतरी आहे.

भाऊजींनी एकतीस वर्षं टपालखात्यात पत्रं लावली होती. गावोगावची नावं त्यांना तोंडपाठ, पण पाहिलेलं एकही नाही. निवृत्तीनंतर एका रविवारी ते म्हणाले, "ज्या गावांना मी आयुष्यभर पत्रं धाडली, ती एकदा डोळ्यांनी बघायची आहेत. ट्रेलर घ्यायचा म्हणतोय. चार-सहा महिने हिंडायचं. नवा झेपणार नाही, वापरलेला बघू. तू आहेसच."

"मी आहेच," पारखी म्हणाला. पण आत काहीतरी खट्‌कन तुटलं. चार-सहा महिने.

पहिले दोन ट्रेलर त्यानं रीतसर नापास केले. एकाच्या छपरावरची सांधेजोड उन्हानं तडकली होती. दुसऱ्याची कपाटं नुसत्या पिना ठोकून उभी केलेली, रस्त्यावर चार खड्डे बसले असते तर दारं हातात आली असती. "ट्रेलर म्हणजे रोज भूकंप सोसणारं घर, भाऊजी," तो म्हणाला. "स्क्रू आहे की पिन, एवढं बघितलं तरी निम्मं कळतं."

तिसऱ्याचं दार निळं होतं. पारखी आत गेला आणि पाच मिनिटांत त्याला कळून चुकलं की असा ट्रेलर पुन्हा मिळायचा नाही. छप्पर एकसंध. खणांचे कोपरे एकमेकांत दात घालून बसवलेले. खालची चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, तो पाठीवर झोपून पाहून आला; वेल्डिंग सरळ, जणू पट्टी धरून ओढलेली रेघ. कुठेही दाबा, भिंत ठणठणीत. ताई तर तोवर हातानं खिडकीची वीत मोजत होती. "इथे पडदा फिक्या रंगाचा," ती स्वतःशीच म्हणाली.

पारखीनं ते ऐकलं. त्याच्या डोळ्यांपुढे रिकामा रविवार उभा राहिला.

"चासीला बाक आलाय," तो म्हणाला. "नको."

ताईनं हात खाली घेतला. भाऊजींनी मालकाचे आभार मानले. तिघं परत आले. 

चौथा आणि पाचवा खरोखरच टाकाऊ निघाले. पण पाचव्यानंतर गाडीत बसताना ताई एकदम म्हणाली, "खरं सांग हं. आम्ही जावं असं तुला वाटतच नाही का रे?"

ती हसत म्हणाली होती, पण पारखीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. चोराच्या मनात चांदणं. "काहीतरीच काय बोलतेस," तो म्हणाला. त्यानं तेव्हाच मनाशी ठरवलं, पुढचा चांगला निघाला तर लगेच हो म्हणायचं.

पुढचा चांगला नव्हता.

वरवर छान होता. आत नवी रंगरंगोटी, स्वयंपाकाचा ओटा चकचकीत. पण बिछान्याच्या डोक्याशी, पुढच्या खिडकीखाली, पारखीनं अंगठा दाबला आणि भिंत आत गेली. पिकलेला पेरू बोटाखाली दबावा तशी, अलगद. त्यानं वास घेतला. रंगाच्या वासामागे तो ओळखीचा वास होता, ओल्या गोणपाटाचा. बाहेर जाऊन बघतो तर खिडकीच्या कडेला जुन्या भेगा बुजवायला नवं सीलंट थापलेलं. पाणी कित्येक वर्षं भिंतीत मुरत होतं. आतली लाकडी चौकट कुजलेली असणार, आणि नेमक्या त्याच चौकटीला डोक्यावरचं मोठं कपाट टांगलेलं.

दारात ताई उभी होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. भाऊजी मागे हात बांधून, निकालाच्या दिवशी शाळेत उभं राहावं तसे.

आता नको म्हणालो तर ती म्हणेल, मी म्हटलं नव्हतं? पारखीच्या मनात एवढं एकच आलं. पाच वेळा नाही म्हणालो, त्यातलं एक खोटं होतं, आणि तेच तिनं पकडलंय.

"बरा आहे," तो म्हणाला. "घ्या."

ताईनं पुढे येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. एक वाक्याचं काम. पण भाऊजी तोवर मालकाचा हात हातात घेऊन हलवत होते.

नंतर पारखीनं मनाची समजूत घालायचे सगळे प्रकार केले. कूज वरवरची असेल. ते परत आले की गुपचूप उघडून दुरुस्त करू. एक दिवस तो सीलंटची नळी घेऊन गेलाही आणि खिडकीच्या कडा पुन्हा भरून आला. "किती करतोस रे आमच्यासाठी!" ताई म्हणाली. पारखी चहाला न थांबता निघाला.

ते गेले. पहिले पंधरा दिवस दोनतीनदा फोन आला. भाऊजी गावांची नावं अशी सांगत, जणू जुन्या मित्रांना भेटून येताहेत. ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवर कंदील टांगायला आपण स्वतः एक हूक बसवला, हेही त्यांनी अभिमानानं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भिंतीत स्क्रू पिळला होता.

मग एका तळ्याकाठी मुक्कामात तीन दिवस पाऊस लागून राहिला. तिसऱ्या दुपारी ताई बिछान्यावर बसून पडद्याला दुमड घालत होती. डोक्यावरचं कपाट, आतल्या डबेबरण्यांसकट, भिंतीतून सुटलं आणि खाली आलं. तिनं डोकं वाचवायला उजवा हात वर केला. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

पारखी दवाखान्यात पोचला तेव्हा भाऊजी बाकावर बसले होते. चार दिवसांची दाढी. "माझ्या हुकानं झालं," ते म्हणाले. "मीच भोक पाडलं भिंतीला. तिथूनच पाणी शिरलं. तू मला नीट सांग, एका स्क्रूनं एवढं होऊ शकतं?"

परिचारिका ट्रॉली ढकलत गेली. ट्रॉलीची चाकं कुरकुरली, मग थांबली.

"होऊ शकतं," पारखी म्हणाला.

पहिल्या वेळी त्यानं नुसती कूज लपवली होती. ह्या वेळी त्यानं तोंड उघडलं आणि दुसऱ्याच्या गळ्यात धोंड बांधली.

पुढचे तीन आठवडे त्याला ते दर बुधवारी, दर रविवारी बघावं लागलं. ताईचा हात प्लास्टरमध्ये. भाऊजी भात कालवून तिच्यापुढे ठेवत, तिची वेणी घालत, ती सैल व्हायची. ताईला दुखलं की ती चिडायची, आणि चिडली की म्हणायची, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला कारागिरी करायला? कंदिलावाचून काय अडलं होतं?" भाऊजी मान खाली घालत. एकदा तर ते म्हणाले, "मी पत्रंच लावावीत, दुसरं काही करू नये." पारखीनं पानातलं टाकून हात धुतला. भूक नाही म्हणाला.

ट्रेलर मागच्या अंगणात आणून लावला होता. पारखीनं दुरुस्तीचं काम अंगावर घेतलं. खिडकी काढली, आतला प्लाय उचकटला. चौकटीचं लाकूड काळंठिक्कर पडलं होतं. पेचकस टेकवला की मुठीएवढा भुगा खाली. तो भुगा हातात घेऊन उभा असताना भाऊजी चहा घेऊन आले.

"माझ्यापायी तुला ह्या वयात केवढी मेहनत," ते म्हणाले. "मला सांग काय काय करायचं, मी हाताखाली थांबतो."

पारखीनं चहा घेतला नाही.

"भाऊजी, हे तुमच्या हुकानं झालेलं नाही."

"म्हणजे?"

"ही कूज पाच-सहा वर्षांची आहे. तुमचा स्क्रू तो तिकडे, दोन हात लांब. त्याच्याभोवतीचं लाकूड बघा, कोरडं आहे."

भाऊजी वाकले. त्यांनी स्क्रूभोवती बोट फिरवलं, मग काळ्या लाकडावर फिरवलं. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं पारखीला स्पष्ट दिसलं.

"म्हणजे आपण घेतला तेव्हाच असा होता," ते हळूच म्हणाले. "अरे, मग असू दे. तुझ्याही नजरेतून सुटलं असेल. माणूस आहेस, चुकायचंच."

पळायला वाट मिळाली होती, आणि तीही त्यांच्याच हातून. पारखीला ती घ्यावीशी वाटली, हे तो पुढे कधी विसरला नाही.

"सुटलं नव्हतं," तो म्हणाला. "मी अंगठा लावून बघितलं होतं. कळलं होतं मला."

भाऊजींनी कप पायरीवर ठेवला. 

"आणि दवाखान्यात मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"भिंतीचं मी समजू शकलो असतो," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "पण तीन आठवडे मी तिच्या हाताकडे बघत जेवतोय. तुम्ही समोर बसून बघत होतात."

ताईचं लग्न झालं तेव्हा पारखी शाळेत होता. तेव्हापासून आजतागायत भाऊजींनी त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ते घरात गेले. दारही आपटलं नाही.

पारखी थोड्या वेळानं आत गेला आणि ताईसमोर बसला. ती डाव्या हातानं सुईत दोरा ओवायची खटपट करत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, आणि भाऊजींना जे सांगितलं नव्हतं तेही. निळ्या दाराचा ट्रेलर चांगला होता. त्याच्या चासीला बाकबीक काही नव्हता.

ताईनं सुई खाली ठेवली.

"मी त्याची खिडकी मोजली होती," ती म्हणाली.

"हो."

"तुला मी गाडीत बोलले ना, आम्ही जायला नकोय का म्हणून? नंतर दोन दिवस मलाच खात होतं. म्हटलं, एकट्या भावाला टोचून बोलले." ती रडली नाही, पण तिचा चेहरा पारखीला अनोळखी वाटला. "नुसतं तोंडानं म्हणायचं होतंस, ताई, मला एकट्याला नाही राहवणार. नेलं असतं की आम्ही तुला. तिसरी खाट होती त्यात."

 ताईनं पुन्हा सुई उचलली. "आता भिंत नीट कर," ती म्हणाली. "आणि त्यांच्या पाया पडत बसू नकोस. त्यांना आणखी राग येईल."

भिंतीला सात आठवडे लागले. पारखीनं पुढची सगळी बाजू उभ्या चौकटीपर्यंत सोलली, नवं लाकूड घातलं, कपाट आरपार बोल्ट घालून टांगलं. छपराची कडही त्यानं उकलून पुन्हा बसवली. भाऊजी रोज येत, बाजूला उभे राहत. पहिल्यांदा नुसते बघत. मग विचारू लागले. हे इथे कशाला? पाणी कुठून येतं? हा आवाज पोकळ का? प्रत्येक प्रश्नात 'तुम्ही' होतं. पारखी एकूणएक सांगायचा, काही हातचं राखायचा नाही. शेवटच्या दिवशी भाऊजींनी पाण्याची नळी आणायला लावली आणि तासभर खिडकीवर पाणी मारलं. आत जाऊन प्रत्येक कोपरा स्वतःच्या अंगठ्यानं दाबला. "ठीक आहे," ते म्हणाले, आणि नळी गुंडाळली.

ते दोघं पुन्हा निघाले. बरोबर चल असं कुणी म्हटलं नाही, आणि त्यानं विचारलंही नाही. निघताना ताईनं त्याला खिडकीतून हात केला, डावा. उजवं मनगट पूर्ण वळत नव्हतं; जाड कापडाची शिलाई आता आपल्याच्यानं व्हायची नाही, असं तिनं गिऱ्हाइकांना कळवून टाकलं होतं.

दहाव्या दिवशी तिचा फोन आला. काल रात्रभर पाऊस झाला, आत थेंब नाही, म्हणाली.

"भाऊजी कसे आहेत?"

"बरे आहेत. गाव बघायला गेलेत." ती थांबली. "तुझं नाव काढत नाहीत अजून. वेळ लागेल त्यांना. मलाही लागतोय."

"लागू दे," पारखी म्हणाला.

फोन ठेवून त्यानं एकट्यापुरता भात टाकला. रविवार होता.