हळदीचा डाग

नव्वद सालानंतर सुरतेच्या अठवालाइन्समधल्या पैसेवाल्या लोकांना जुन्याचं वेड लागलं. स्वतःच्या आजोबांचे पलंग भंगारात देऊन मोकळी झालेली ही मंडळी आता दुसऱ्याच्या आजोबांचा कोरीव झोपाळा हौसेने घरी आणत, शेजारी काचेचं टेबल मांडत आणि दोघांचं जमावं म्हणून मधे मखमल घालत. हे जमवून देणं हेतलबेनचं काम. पर्वत पाटियाजवळच्या त्यांच्या कारखान्यात गाद्या-उशा शिवायची ती लिंबायतच्या खानदेशी वस्तीतली शोभाबाई.

तिची लेक योगिता पहिल्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. तेव्हापासून शोभाबाईला काही वाटेनासं झालं होतं. जेवली तरी ठीक, न जेवली तरी ठीक. सासरच्यांनी योगिताचा लग्नातला शालू परत पाठवला. मुळात तो शोभाबाईचाच, तिच्या लग्नात सासूने दिलेला, खऱ्या जरीचा. आता तो घरात कुणाच्याने बघवेना. सुरतेत जुनी जरी घेणारे दारोदार फिरतात. ते साडी जाळतात, रेशमाची राख होते, चांदी मागे उरते. नवरा, बन्सीलाल, देऊन टाक म्हणाला, आणि शोभाबाईने देऊन टाकला. पोर आगीत गेली तशीच साडीही आगीत गेली, एवढंच तिच्या मनाला बरं वाटलं होतं. त्याच्यावरच तिचे दिवस निघत होते.

एक दिवस हेतलबेनने जुन्या साड्यांचा गठ्ठा सोडला. जांभळ्या मखमलीच्या उशांवर मधोमध जरीचे पदर बसवायचे होते. शोभाबाईने एक पदर उलगडला. कोपऱ्यात हळदीचा डाग होता, आणि मोराच्या मानेवर तिनेच कधीकाळी केलेला रफू.

"बेन, ये साडी तो जलाते हैं ना?" तिने विचारलं.

"अच्छी हो तो कौन जलाता है, शोभाबेन? हमको बेच देते हैं." हेतलबेन हसल्या. "और ये दागवाला कोना काट डालना."

रडू येईल म्हणून शोभाबाई जरा थांबली. आलं नाही. मग तिने कात्री घेतली. मोर बरोबर मधोमध बसवला, टीप सरळ मारली. उशी बघून हेतलबेन खूश झाल्या. कापलेला कोपरा शोभाबाईने कनवटीला खोचला.

घरी येऊन तिने स्टो पेटवला आणि तो कोपरा चिमट्यात धरून जाळावर नेला. केस जळाल्यासारखा वास खोलीभर झाला. बन्सीलाल नुकताच कामावरून आला होता.

"काय जळी ऱ्हायनं?"

"योगिताना शालू."

"तो तं कवयच जळना ना?" तो केव्हाच जळाला, असंच बन्सीलाल धरून चालला होता.

"नई. आज जळना. एवढाच."

बन्सीलाल जवळ आला. त्याने चहाची बशी आणून चिमट्याखाली धरली. बशीत राख पडली आणि राखेत काळी पडलेली बारीक तार.

"सकाय तापीवर जाऊत," तो म्हणाला.

शोभाबाईने मान हलवली. स्टो बंद केला, चिमटा जागेवर ठेवला.

"बाकीना शालूनी उशी व्हयनी, त्या लोके पाठखाले लेतीन," ती म्हणाली. आणि एवढं म्हटल्यावर, इतक्या महिन्यांनी, तिला रडू आलं.