पिकअपची चावी

मी पिकअप चालवायला शिकले आणि पंधरवड्याच्या आत तिची बॅटरी उतरायला लागली. सासऱ्यांना एवढा पुरावा पुष्कळ होता.

आमचा खुर्च्या-टेबलांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची लांबट शेड. तिथला लाकडाचा भुसा थेट जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. माल पोचवायला आमचे हे जायचे. त्यांची पाठ धरली तेव्हा नाइलाजाने मला शिकवलं. पाठ बरी झाली, पण चावी मी सोडली नाही. त्या उंच सीटवर बसलं, खिडकीची काच खाली केली, की घरातले सगळे आवाज मागे राहायचे. तेवढं सुख मला पुन्हा कशात मिळालं नाही.

पण रोज सकाळी चावी फिरवली की नुसतं ‘टक्’. मग हे आणि धाकटे दीर मागून ढकलायचे, आणि सासरे ओट्यावरून ऐकवायचे, “गाडीसुद्धा हात ओळखते.” त्यात भर म्हणजे ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर मिणमिणायचे. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर. सासूबाई मात्र काही बोलायच्या नाहीत. मी गाडी काढली की त्या आत निघून जायच्या. मी समजले, यांनाही पटत नाही.

शेवटी सासऱ्यांनी सांगून टाकलं, “करंटमामाला बोलावलंय. सूनबाईचा हलगर्जीपणा निघाला, तर चावी यापुढे माझ्या खिशात.”

करंटमामा गाड्यांचं वायरिंग करायचा. निम्मं बोलणं तोंडातल्या स्क्रूंमधून. आधी त्याने मागच्या दिव्याखालचा गंज खरवडला, वायर पुन्हा घट्ट बसवली आणि मला ब्रेक दाबायला लावला. इंडिकेटर गप्प.

“अर्थिंगची वायर गंजून सुटली होती. वहिनींचा काही संबंध नाही,” तो म्हणाला.

“हे झालं एक. बॅटरीचं बोल,” सासरे म्हणाले.

मामाने बॅटरीची एक वायर सोडवली आणि मध्ये छोटासा बल्ब जोडला. “गाडी बंद असताना हा पेटला, म्हणजे कोणीतरी आतून करंट खातंय.”

बल्ब चांगला लख्ख पेटला. आम्ही सगळे बोनेटवर वाकलो. मामाने मान वर करून पाहिलं, तर दीर दार उघडं टाकून आरामात सीटवर बसलेले आणि डोक्यावर छताचा दिवा चालू.

“भाऊ, तुम्हीच खाताय. उतरा आणि दार लावा.”

दार लागलं. बल्ब मंदावला, पण विझला नाही. मामा एकेक फ्यूज उपटून परत बसवू लागला. रेडिओचा काढला तेव्हा हे दुसरीकडे बघू लागले, कारण रेडिओ त्यांनी हौसेने बसवला होता. बल्ब तसाच. हे पुन्हा आमच्यात आले. आणखी एक फ्यूज निघाला आणि बल्ब विझला.

“या फ्यूजवर छताचा दिवा आणि पुढच्या कप्प्याचा दिवा. यातलं एक.” मामा पलीकडच्या दाराने आत शिरला. कप्प्याचं झाकण पुरतं लागलेलंच नव्हतं. आतला दिवा रात्रंदिवस जळत होता. “बॅटरी म्हातारी आहे, तिला एवढंही झेपत नाही. पण कोंबलंय काय एवढं?”

त्याने एकेक वस्तू बाहेर काढली. टॉर्च. मलमपट्टीचा डबा. बिस्किटं. सपाट चपलांचा जोड, आणि तळाशी राखाडी शाल.

“बघा,” सासरे म्हणाले, “सूनबाईंनी गाडीत बिऱ्हाड थाटलंय. आण ती चावी.”

शाल मी ओळखली. मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. चावी मुठीत गच्च धरली होती, ती सासऱ्यांपुढे केली. जीव तुटत होता, पण शाल कोणाची ते मी सांगणार नव्हते.

“तिचं नाही ते,” मागून सासूबाई म्हणाल्या. “मी ठेवलंय, ही गाडी चालवायला लागली त्या रात्री.”

“तू? कशाला?”

“वाटेत बंद पडली, अंधार झाला, काही लागलं-खुपलं तर? पोर एकटी जाते. मला तर तिला निघताना बघवतही नाही.”

“मग हे तेव्हाच सांगायचं,” सासरे पुटपुटले.

“विचारलं होतंत कोणाला? तुम्ही निकाल लावूनच बसला होता.”

मामाच्या तोंडातले स्क्रू खाली सांडले. ते वेचायला हे आणि दीर दोघेही लगबगीने वाकले. सासऱ्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. चावी माझ्याच हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी गिअर टाकणार, तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. सासूबाई पदर खोचून वर चढल्या आणि त्या सगळ्या वस्तूंचं बोचकं मांडीवर घेऊन बसल्या. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी एका हाताने दार आणि दुसऱ्याने माझा दंड पकडला होता. मग दंड सोडला.

“एवढंच होय?” त्या म्हणाल्या. “जरा जोरात ने की.”