दुसऱ्याची साक्ष

चर्चचे वडीलधारे सेवक, डीकन ओबडाया प्रुइट, नीट जेवत नाहीत, हे अर्लीन टॉलिव्हरच्या ईस्टरच्या आधीच लक्षात आलं होतं. ओझेला नावाची त्यांची बायको वारल्यापासून त्यांचा कोट खांद्यावरून लोंबायला लागला होता. महिनाअखेरीला तर प्रार्थनेसाठी उभं राहताना ते पुढच्या बाकाचा आधार घ्यायचे. जन्मभर सुतारकी केलेला माणूस, आणि मनगटं अशी झालेली की बघवत नव्हती.

अर्लीन त्याच चर्चमध्ये, काळ्यांच्या माउंट निबोत, दर शनिवारी धान्य वाटायची. अर्धा गाव रांगेत यायचा, पण डीकन त्या रांगेत कधी उभे राहिले नाहीत. उलट टाय लावून यायचे आणि बायाबापड्यांची खोकी उचलून त्यांच्या गाड्यांपर्यंत पोचवायचे. एकदा अर्लीनने उरलेलं खोकं मुकाट त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी तेही एका बाईच्या गाडीत ठेवलं आणि वर टोपी काढून तिला नमस्कार केला. अशा माणसाला जेवू घालायचं तरी कसं? तिला कपाळ बडवून घ्यावंसं वाटायचं.

तिचा दुसरा उद्योग म्हणजे वर्ग. अलाबामातल्या त्या जिल्ह्यात चर्चं, महिला मंडळं, कॉलेजची पोरं, जो बोलावेल त्याच्यापुढे उभी राहून ती सांगायची, की काळ्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या शिल्लक का पडली नाही, आणि शिल्लक नसली की महिना संपायच्या आत चूल का थंडावते. नुसतं सांगितलं की लोक जांभया देतात. म्हणून तिने एक खेळ केला होता. टोपीतून फीत काढायची. निळी निघाली तर तुम्ही गोरं घराणं, पिवळी निघाली तर काळं. प्रत्येकाला वाटीत चवळीचे दाणे. मग ती जुने कायदे एकेक करून वाचायची, आणि दर कायद्याला पिवळ्यांनी दाणे द्यायचे, निळ्यांनी घ्यायचे. शेवटी ज्याची वाटी जशी, तसं त्याचं ताट. निळ्यांपुढे तळलेली कोंबडी, चीज घातलेली मॅकरोनी, कॉलर्डची पालेभाजी. पिवळ्यांपुढे मक्याच्या पावाचा तुकडा आणि पाणी. तसंच बसून थोडा वेळ बोलायचं, आणि मग सगळ्यांनी पोटभर जेवायचं.

मे महिन्यात गावापलीकडच्या मेथडिस्ट चर्चच्या गोऱ्या बायका रविवारी दुपारी निबोत वर्गाला येणार असं ठरलं, तेव्हा अर्लीनच्या डोक्यात प्रकाश पडला. डीकनना भीक नको, पण खेळाचा नियम तर पाळावा लागेल ना. तिने त्यांना खुर्च्या लावायला बोलावलं, मग माणसं कमी पडताहेत म्हणून खेळायला बसवलं, आणि टोपी त्यांच्यापुढे धरताना एक निळी फीत अंगठ्याखाली अशी दाबून ठेवली की दुसरी त्यांच्या हाती लागूच नये. देवाच्या घरात लबाडी केली. तिला काडीचंही वाईट वाटलं नाही.

सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. कायदे वाचून झाले, दाणे इकडचे तिकडे गेले, ताटं आली. डीकनचं ताट अर्लीनने स्वतः वाढलं होतं, आणि हात सैल सोडून वाढलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि प्रार्थना सुरू केली. डीकनची जेवणाआधीची प्रार्थना लांबलचक, हे निबोत सगळ्यांना माहीत. अखेर त्यांनी डोळे उघडले, रुमाल मांडीवर पसरला, काटा उचलला. अर्लीनचा जीव भांड्यात पडला.

आणि नेमकी तेव्हाच मिसेस व्हिटलॉक बोलली. ही मेथडिस्ट बायकांची पुढारी, डीकनच्या समोरच बसलेली, पिवळ्या फितीची. बाई वाईट नव्हती. पावाचा तुकडा बोटांनी कुरतडत अगदी मृदू आवाजात ती म्हणाली की तिचे आजोबाही अंगावरच्या कपड्यांनिशी या मुलखात आले होते, त्यांनी कष्ट केले म्हणून घर वर आलं. वाटीतले दाणे काढून घेतले तर कुणीही गरीब होईल, पण खरं आयुष्य म्हणजे काही दाणे नव्हेत. शेजारच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या.

अर्लीनने दोन घासांपुरती जीभ आवरली असती तर. पण हे आजोबा ती वर्षानुवर्षं ऐकत आली होती. जाईल तिथे कुणाचे ना कुणाचे आजोबा अंगावरच्या कपड्यांनिशी येतच असत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने खऱ्या आयुष्यातली गोष्ट सांगितली. ओढ्याकाठची जमीन, एका काळ्या माणसाने आयुष्य घालून घेतलेली. तो मेला तेव्हा मृत्युपत्र नव्हतं, कारण कोर्टात कागद नेला की जमीन हातची जाते, हे आमच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून कागद केला नाही, आणि कागद नाही म्हणूनच जमीन गेली. डेट्रॉइटला गेलेल्या एका पुतण्याने आपला वाटा एका लाकूडवाल्याला विकला, त्या एका वाट्याच्या जोरावर लाकूडवाल्याने कोर्टाकडून सगळ्या जमिनीचा लिलाव मागितला, आणि दिवसाढवळ्या कायद्याने सगळं घेतलं. "त्या जमिनीवर लहानपणी कापूस वेचलेला एक पोरगा अजून आहे," अर्लीन म्हणाली. "जन्मभर राबलाय तो. आणि आज महिनाअखेरीला त्याच्या घरात खायला काही नसतं. कष्टांचं मला सांगू नका."

नाव तिने घेतलं नव्हतं. पण निबोतली माणसं काय परकी होती? ओढ्याकाठची जमीन म्हटल्यावर एकेक मान डीकनकडे वळली. मायेनेच वळली, हेच तर वाईट. मागून एक म्हातारी हळूच "हे प्रभू" म्हणाली. महिनाअखेरीचं त्यांना ठाऊक नव्हतं. ते त्यांना तिथे कळलं.

डीकननी काटा ताटाशेजारी सरळ ठेवला. रुमालाची घडी घातली. मग उठून त्यांनी आपलं भरलेलं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि वळसा घालून मिसेस व्हिटलॉकपुढे ठेवलं.

"घ्या, बाईसाहेब," ते म्हणाले. "गरम आहे तोवर जेवा. मी घरून जेवून आलोय."

टोपी घेऊन ते बाहेर पडले. हॉलमध्ये पाहुण्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. मिसेस व्हिटलॉकच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतक्या वर्षांत आपल्याला हे असं कुणी समजावलं नव्हतं, असं ती अर्लीनचा हात धरून पुन्हापुन्हा सांगत राहिली, आणि अर्लीनला तो हात सोडवून घेता येईना. वर्ग तिचा होता, माणसं तिने बोलावलेली होती. प्रश्न विचारले गेले, तिने उत्तरं दिली. एवढा रंगलेला वर्ग तिने कधी घेतला नव्हता.

सगळे गेल्यावर तिने मोठं ताट भरलं, फॉइलने झाकलं आणि डीकनच्या घरी गेली. निबोच्या लोकांत झाकलेलं ताट दारावर आलं की कुणी परत पाठवत नाही. त्यावरच तिची भिस्त होती.

ते ओसरीत बसले होते. तिला पाहून उठले, खुर्ची पुढे केली, तिच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. ताटाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"डीकन, माझं चुकलं," ती म्हणाली.

"जे सांगितलंस ते खरंच सांगितलंस, पोरी."

"मी नाव नव्हतं घेतलं."

"लोकांची मती अजून शाबूत आहे."

"रागवा माझ्यावर. दोन थोबाडीत द्या. पण हे खा. माझ्यासमोर दोन घास खा, मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

त्यांनी रस्त्याकडे नजर वळवली. "चर्चमध्ये माणूस उभा राहतो, आपल्यावर काय गुदरलं ते आपल्या तोंडाने सांगतो," ते म्हणाले. "चारचौघांत रडतो, तरी मान ताठ ठेवून खाली बसतो. का? कारण साक्ष त्याची असते. मीही दिली असती कधीतरी. जमिनीची, उपासाची, सगळ्याची. शब्द जुळवत होतो. ओझेला जिवंत असताना तिला म्हणून दाखवायचो."

अर्लीनने ताट पुन्हा पुढे केलं.

"आता काय सांगू? सांगून झालं," ते म्हणाले. "ते घेऊन जा, बाळ. त्या बाईंना मी घरून जेवून आलोय म्हणालो ना. आता जेवलो तर तेवढंही खोटं पडेल."

त्यांनी तिला पायऱ्या उतरायला हात दिला, गाडीपर्यंत आले, दार उघडून धरलं. मग आत गेले आणि जाळीचं दार लावून घेतलं. दिवा लागला नाही.

अर्लीनने गाडी सुरू केली, वळणापलीकडे नेली आणि बाजूला घेतली. पुढे जाववेना. ताट तिच्या मांडीवर होतं, अजून कोमट. सकाळपासून स्वयंपाक करण्यात तिने स्वतः पोटात काही घातलं नव्हतं. इतका वेळ ते कळलं नव्हतं. आता फॉइलखालून वास आला आणि भूक खवळली. तिला स्वतःची शिसारी आली. तरी तिने फॉइलचा कोपरा उचलला.

समोरून कुणाची तरी गाडी आली. अर्लीन चटकन खाली वाकली, रस्त्यावरून कुणाला दिसू नये इतकी. आणि तशीच वाकून, हुंदके देत, हाताने ते जेवण जेवली.