काळ्या दोऱ्याचे टाके

सून कागद वाचत होती आणि मी शिवत होते. चूक तिथंच झाली, पण त्या वेळी ती चूक आहे हे कोणाच्या बापाला कळलं नसतं.

कागद जेलचा होता. माझा धाकटा चार महिने तिथं कच्चा कैदी म्हणून आहे, खटला अजून उभाच राहिलेला नाही. आमच्या लाँड्रीच्या पायरीवर एका गिऱ्हाइकाशी त्याची जुंपली, यानं ढकललं, तो पडला, डोकं फुटलं. ते डोकं कधीच सांधलं, तो माणूस आता शीळ घालत दुकानासमोरून जातो. माझा मुलगा मात्र आत. जेलनं कळवलं होतं की घरच्यांनी चार बनियन पाठवले तर चालतील. सून, थोरल्याची बायको, एकेक ओळ मोठ्यानं वाचत होती.

"रंग पांढरा. खिसा नको. कपड्यावर काही लिहिलेलं नको, शिवलेलं नको, कसलीही खूण नको. सासूबाई, ऐकताय ना?"

"कान आहेत मला," मी म्हटलं, आणि दातानं दोरा तोडला.

लाँड्रीत कपडा आला की आतल्या बाजूनं त्याला खूण घालायची, हे मी चाळीस वर्षं करत आलेय. दोऱ्याचा रंग म्हणजे गल्ली, उभे टाके म्हणजे घर, आडवे टाके म्हणजे घरातला माणूस. अक्षरं मला तिसरीपुरतीच येतात, पण टाके मी न बघता बोटानं वाचते. काळा दोरा आमच्या घरचा. आडवे तीन म्हणजे धाकटा. आणि नवे चार नग असले की पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, अशा चारपर्यंत, म्हणजे पाळीपाळीनं घातले जातात, एकच झिजत नाही. खुणेवाचून कपडा म्हणजे हरवलेला कपडा. त्यात तिथं पाचशे जणांचे कपडे एका पाण्यात पडणार. सून वाचत होती, 'खूण नको', आणि माझे हात चौथ्या बनियनला चौथी गाठ मारत होते. हातांनी मला विचारलं नाही. त्यांना ती खूण वाटलीच नाही, बनियनच वाटला.

घडी मी स्वतः घातली आणि गठ्ठा जेलवर पाठवून दिला. सुनेनं पाहिलं असतं तर तिनं उसवलं असतं. ती शिकलेली आहे.

भेटीच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. भेटीच्या खिडकीवर एक पोलीस बाई बसते, चेहऱ्याला खळ घालून कडक इस्त्री केल्यासारखी. तिनं आमचा कागद घेतला, यादी पाहिली आणि कागद परत सरकवला.

"भेट बंद आहे तुमची. फोनही बंद. पंधरा दिवस. चार झालेत."

"का?"

"कपड्यात निरोप शिवून पाठवला तुम्ही."

"मी? निरोप?" मला हसू आलं. "बाई, मला सही करायला सुद्धा जीभ बाहेर काढावी लागते. मी कसला निरोप शिवते?"

"एकावर एक गाठ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. नियम वाचला होता ना?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही, एवढंच तिचं चांगलं. मी मात्र बोलले. लाँड्री काय असते, खूण काय असते, आणि त्या पोलीस बाईची सासू तिला घरी काय म्हणत असेल, सगळंच बोलले. मागं रांग होती, ती ऐकत होती. खिडकी धाडकन बंद झाली.

"झालं समाधान?" सून म्हणाली.

"झालं."

झालं नव्हतं. मी बाहेर येऊन लाकडी बाकावर बसले.

त्या बाकावर एक बाई आधीपासून बसली होती. तिचा नवरा धाकट्याच्याच कोठडीत होता. ती माझ्याकडे बघत राहिली, मग सरकून जवळ आली.

"तुम्ही त्या इस्त्रीवाल्याच्या आई ना? नाकावरून ओळखलं."

"नाक माझंच आहे. बोल."

"रागावू नका मावशी. पण त्याला आता वेगळ्या खोलीत नेलंय, एकट्याला. त्याच्या आधी तीन-चार दिवस ताट तसंच परत करत होता. भिंतीकडे तोंड करून पडायचा. आणि चादर माझ्या नवऱ्याला देऊन टाकली. हे म्हणाले, अरे थंडी येतेय, तुला लागेल. तर म्हणाला, मला नाही लागणार."

सुनेनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी तिला झटकलं नाही.

आता एक सांगायलाच हवं. ज्या दिवशी त्याला धरलं, त्या दिवशी पोलीस ठाण्यात आठ-दहा लोकांसमोर मी त्याला म्हणाले होते, "आजपासून मला एकच मुलगा, थोरला." चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाचं बटणसुद्धा हरवलं नव्हतं आमच्याकडून, आणि यानं गिऱ्हाइकाचं डोकं फोडलं. सहा आठवडे मी भेटीला गेले नाही. तो फोन करायचा, सून बोलायची, आणि मी शेजारी उभी राहून इस्त्री आपटायची, म्हणजे मी आहे आणि बोलत नाही, हे दोन्ही त्याला कळावं. मग एकदा गेले, काचेपलीकडे त्याचे खांदे पाहिले, आणि त्यानंतर एकही भेट चुकवली नाही. पण ते वाक्य मी मागं घेतलं नाही. घ्यायचं कसं, तेच मला येत नाही.

आणि आता चार दिवस भेट नाही, फोन नाही. आत त्याला काय वाटत असेल? आईनं पुन्हा तोडलं, दुसरं काय?

मी उठले आणि फाटकावरच्या शिपायाला सांगितलं, मला जेलर साहेबांना भेटायचंय. तो म्हणाला, वेळ घेतलीय का. मी म्हटलं, माझ्याकडे वेळच वेळ आहे, तुला हवा तर तुलाही देते. त्यानं बसवून ठेवलं. दुपार झाली. सून पाणी घेऊन आली, मी प्यायले नाही. शेवटी आत बोलावलं.

साहेब पन्नाशीचे, डोळ्याखाली पिशव्या. टेबलावर आमचे चार बनियन ठेवले होते, चिठ्ठी लावून, चोरीचा माल ठेवतात तसे. मी सगळं सांगितलं. या वेळी आवाज न चढवता.

"आजी," ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तसं असेलही. पण आम्ही त्याला विचारलं होतं. समोर बसवून विचारलं, या गाठी कसल्या. तो म्हणाला, माहीत नाही."

"माहीत नाही म्हणाला?"

"तीनदा विचारलं. माहीत नाही, माहीत नाही. मग संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?"

पाच वर्षांचा होता तेव्हापासून तो टाके वाचतोय. आडवे तीन म्हणजे आपण, हे त्याला शाळेच्या आधी कळलं होतं. एका वाक्यात सुटला असता. सुटायचं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

"साहेब," मी म्हटलं, "मला निरोपबिरोप काही सिद्ध करायचं नाही. तो मुलगा मरायला बसलाय."

"सगळ्यांच्या आया हेच..."

"सगळ्यांच्या आयांचं मला माहीत नाही. त्यानं चादर देऊन टाकलीय. ताट परत पाठवतोय. आणि सुटायचा रस्ता समोर होता तर माहीत नाही म्हणतोय. तुम्ही त्याला एकट्याला कोंडलंय."

त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. त्यांच्या मागं खुंटीवर गणवेशाचा दुसरा शर्ट लटकत होता, धुऊन आलेला. मी टेबलाला वळसा घालून गेले. शिपाई "ओ, ओ" करत पुढं आला. मी शर्टाची कॉलर उलटी केली.

"हिरवा दोरा. आमच्याकडं नाही येत तुमचे कपडे. पण टाक्यांची रीत सगळीकडं एकच; हिरवा म्हणजे तुमच्या लाँड्रीवाल्याच्या हिशेबानं एखादी गल्ली. उभे पाच. कोपऱ्यापासून तुमचं घर पाचवं?"

साहेब खुर्ची सरकवून उठले.

"आडवे दोन. म्हणजे घरात तुमच्या आधी एक पुरुष आहे. भाऊ की वडील?"

"वडील," ते हळूच म्हणाले. "होते. दोन वर्षं झाली."

"मग लाँड्रीवाल्यानं अजून तुम्हाला वर सरकवलेलं नाही."

त्यांनी शर्ट माझ्या हातातून घेतला, कॉलर पाहिली. बराच वेळ पाहिली. मग एक बनियन उचलून त्याच्या गाठी पाहिल्या. मला वाटलं, झालं काम.

"पंधरा दिवसांचा हुकूम वरून सहीनं आलाय," ते म्हणाले. "मी वर कळवीन, पण त्याला तेवढेच दिवस लागतील. भेट देता येणार नाही. फोन देता येणार नाही."

"अकरा दिवस तो थांबणार नाही, साहेब."

"डॉक्टरला आजच पाठवतो. खोलीवर माणूस बसवतो. आणि..." त्यांनी दाराकडे पाहिलं. "मी स्वतः आत फेरीला निघालोय. एक वाक्य सांगा. लांबण लावू नका. तेवढं त्याच्या कानावर घालतो."

एक वाक्य. माझ्या तोंडाला सगळी गल्ली घाबरते. थोरला तर म्हणतो, आईला बोलायला लावू नका, मीटर चालू होतं. आणि मी तिथं उभी, तोंड उघडं, आत काहीच नाही.

"त्याला म्हणावं, जेवत जा."

"एवढंच?"

"नको. थांबा. हे नको." जेवत जा तर मी त्याला शाळेत असल्यापासून ओरडून सांगतेय. "त्याला म्हणावं, दुकानात काम पडलंय." ते तर अजूनच वाईट. कामासाठी हवाय होय? "सासूबाई, सांगा ना काहीतरी," सून दारातून म्हणाली, आणि रडायला लागली. साहेबांनी टोपी घातली.

"आई बाहेर बाकावर बसलीय," मी म्हटलं. "एवढं सांगा. आई बाहेर बसलीय."

ते गेले. आम्ही पुन्हा बाकावर येऊन बसलो. अर्धा तास झाला. ती चादरीवाली बाई कधीच निघून गेली होती. सुनेच्या फोनवर थोरल्याचा फोन येत होता, दुकानात गिऱ्हाईक उभं आहे म्हणून. "त्यांना म्हणावं, चुरगळलेलं घाला आज," मी म्हटलं.

साहेब स्वतः फाटकापर्यंत आले.

"पडलेलाच होता. सांगितलं. हलला नाही." त्यांनी कपाळ पुसलं. "मी वळलो, तेव्हा मागून विचारलं त्यानं. 'किती वाजेपर्यंत?' म्हणाला."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार? मला कुठं माहीत?"

"अहो, मग परत जा ना!"

"आजी, मी काय टपालवाला आहे?"

"तुमच्या पाया पडते," मी म्हटलं. आयुष्यात हे शब्द मी नवऱ्यालाही म्हटले नव्हते. खरंच वाकले सुद्धा, शिपायानं मधेच धरलं. "फाटक किती वाजता बंद होतं?"

"पाचला."

"पाच सांगा. आणि उद्या नऊपासून पाच. परवाही तेच. अकराही दिवस. सांगा त्याला. त्यानं विचारलंय, साहेब. चार दिवसांत त्यानं काहीतरी विचारलंय."

ते टोपी सारखी करून आत वळले. सांगितलं की नाही, मला आजही नक्की माहीत नाही. विचारायला मी धजले नाही.

सुनेला मी घरी पाठवलं. ऊन भिंतीवरून सरकत बाकावर आलं, मग बाकावरूनही गेलं. भेटीची माणसं आली, गेली. त्या उंच भिंतीला आमच्या बाजूनं एकही खिडकी नव्हती. म्हणजे मी बसलेय की गेलेय, हे त्याला दिसायचा काही मार्ग नव्हता. मी चारला उठले असते तरी त्याला कळलं नसतं. मी पाठ सरळ करून बसले.

शिपाई किल्ल्या वाजवत आला.

"चला मावशी, उठा. बंद करतोय."

"घड्याळ दाखव."

"अहो, झालेच की पाच."

"दाखव म्हटलं ना."

त्यानं मनगट पुढं केलं. पाचला चार मिनिटं कमी होती. मी हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले.