आतून कडी

आसगावचा तेजराम बायकोचे डोळे दाखवायला नागपूरला आला, ते साल होतं एकोणऐंशीचं. चष्मा उद्या मिळेल म्हणाले. म्हणजे एक मुक्काम आलाच.

धर्मशाळा फुकट होती, पण तिथं बाया एकीकडे, बाप्ये दुसरीकडे. स्टेशनजवळच्या लॉजात खोलीला सहा रुपये पडत होते.

"धर्मशाळाच बरी व," तेजराम म्हणाला. गोदावरीबाई म्हणजे काडेपेटीतली काडीसुद्धा जपून ओढणारी बाई. ती नाही म्हणणार नाही, अशी त्याची खात्री होती. पण तिनं लॉजवाल्यालाच विचारलं, "दाराले आतून कडी हाय का, भाऊ?"

"आहे ना, बाई."

"मंग इथंच."

घरी चौदा माणसं. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी तेजराम ओसरीवर निजायचा आणि ती आत सासूजवळ. दोघं बोलायची ती धानाच्या बांधीत, तेही कुणी नसताना, दबक्या आवाजात.

खोलीत शिरताच तिनं कडी लावली आणि खाटेवर बसून कुजबुजली, "खोली बेस हाय."

"हाव," तोही कुजबुजला.

तिला एकाएकी हसू फुटलं. "अवो, आपन हळू काहून बोलून राहिलो? इथं कोन आयकते?" मग पदर सावरून तिनं चांगला खणखणीत आवाज लावला, "लग्नात तुमी लय साजरे दिसत होते!"

तेजराम कानापर्यंत लाजला. उठला, आणि कडी नीट लागली आहे ना, ते पुन्हा एकदा पाहून आला.