मागच्या रांगेचा शेरा

बायको गेल्याची बातमी त्याला गाडीनेच सांगितली.

तो तेव्हा शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर होता. हातात सात सीटची, डिझेलची, नवीकोरी, हत्तीएवढी गाडी. मधल्या सीटवर कंपनीचा माणूस. हा माणूस इतका गोड बोलायचा, की गाड्यांवर लिहिणाऱ्या सगळ्यांनी मिळून त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं. तो सीटवरच्या चामड्याच्या शिवणीचं कौतुक करत होता, तेवढ्यात समोरच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘घर’ असं उमटलं. त्याने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. बायको नव्हती, शेजारीण होती.

“भाऊ, लवकर या हो. वहिनी खुर्चीत बसल्या बसल्याच... डॉक्टर येऊन गेले. काही उरलं नाही.”

गाडीच्या सगळ्या स्पीकरांमधून ते आलं. खणखणीत, शब्द न् शब्द. याच स्पीकरांची गोडबोल्या सकाळपासून आरती ओवाळत होता.

त्याने गाडी वळवली. घरापर्यंत ती अशी पळाली की काय सांगावं. पाय नुसता टेकवला की ओढ घ्यायची. चढावर दम लागला नाही, वळणावर झुकली नाही, ब्रेक मागितले तिथे लागले. इंजिनाची घरघरसुद्धा आत येत नव्हती. तिकडे बायको खुर्चीत थंड झालेली आणि इकडे गाडी झकास. ती रस्त्यात बंद पडली असती, गरम झाली असती, निदान कुठून तरी खडखडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तशी ती वागली नाही. त्या दिवसापासून त्याने त्या गाडीवर डूख धरला.

एका मासिकात तो ‘घरची गाडी’ नावाचं सदर लिहायचा. त्याचे वाचक शर्यतीतले नव्हते. आयुष्यात दोन-तीनदाच गाडी घेणारी ही माणसं. पोरं कुठे बसतील, म्हातारी कुठे बसेल, सगळे बसल्यावर बॅगा कुठे जातील, एवढंच त्यांना कळायला हवं असायचं. त्याची पद्धतही साधी होती. तो चालवायचा आणि बायको शेवटच्या रांगेत बसायची. ठरलेल्या रस्त्याने जायचं, शेवटी दगडाच्या खाणीमागचा फुटका रस्ता घ्यायचा आणि परत यायचं. तिचा उजवा गुडघा कामातून गेलेला. मधली सीट दुमडून ती हात न मागता खाली उतरली, तर मागची रांग पास. हात मागितला तर नापास. मागितला तरी द्यायचा नाही, हा नियमही तिचाच. “दयेचे मार्क देऊ नका,” म्हणायची. मोठ्या गाडीत मागून बोललेलं पुढे पोहोचत नाही, म्हणून धक्के सोसेनासे झाले की ती हात वर करायची. तो आरशात बघायचा आणि वेग कमी करायचा.

त्या दिवशी ती आली नव्हती. गुडघा ठणकतोय, म्हणाली.

“मग मागच्या रांगेचं काय लिहू? माझं डोकं?” तो म्हणाला होता.

“उद्या बसते. गाडी काय पळून जातेय?”

तो तोंड फुगवूनच निघाला होता.

माणसं भेटायला आली आणि गेली. घरातल्या खुर्च्या पुन्हा जागेवर गेल्या. ज्या खुर्चीत ती गेली ती त्याने बाल्कनीत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली. मासिकातून फोन यायला लागले. बाकीच्यांचे लेख छापून झाले, आपलाच राहिला. त्याने लिहायला घेतलं आणि लिहिलं ते असं, की ही गाडी म्हणजे नाकापेक्षा मोती जड, गल्लीत वळत नाही, पार्किंगमध्ये मावत नाही, हिच्यात कुटुंब नव्हे, वरात बसवावी. संपादकांनी तो मजकूर जसाच्या तसा परत पाठवला. खाली विचारलं होतं, “मागच्या रांगेबद्दल एक ओळ नाही?”

त्याच आठवड्यात धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे बायकोची लहान बहीण. बहीण गेल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली होती, “गाडी वेळेत पोहोचली ना परत? मग झालं.”

“भाऊजी, कामाचं बोलते,” ती फोनवर म्हणाली. “आम्ही तीच मोठी गाडी घ्यायचं म्हणतोय. आम्ही दोघं, तीन पोरं, दीर आणि आई. सात डोकी झाली. पोरांच्या छोट्या सीटा मधल्या रांगेतच बसतात, म्हणजे आई मागे. आईला मागे बसवता येईल का, एवढं सांगा.”

“घेऊ नका ती गाडी.”

“का?”

“घेऊ नका म्हटलं ना.”

“इंजिन वाईट आहे?”

“नाही.”

“ब्रेक?”

“चांगले आहेत.”

“मग काय गाडीची रास जमत नाही तुमच्याशी?” ती थांबली. “गाडीवरचा राग आमच्यावर काढू नका. रविवारी गाडी मागवा. मी येते. मागे मी बसते.”

रविवारी गोडबोल्या गाडी धुऊनपुसून घेऊन आला. उतरल्या उतरल्या चेहरा पाडून म्हणाला, “सर, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. आमचं अख्खं कुटुंब तुमच्या पाठीशी आहे.”

“कोणाचं कुटुंब?”

“कंपनीचं, सर.”

“चावी दे.”

धाकटी फाटकाशी उभीच होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, गाडीकडे बघितलं. भोवती एक चक्कर मारली, मागचा दरवाजा उघडला. शेवटची रांग उभी असली की सामानाला राहते ती जागा वीतभर.

“बॅगा कुठे ठेवायच्या?”

“छतावर कॅरिअर मिळतं, मॅडम,” गोडबोल्या म्हणाला.

“आणि आईची चाकाची खुर्ची? तीही छतावर? का आईलाच ठेवू?”

गोडबोल्या हसला. मग हसायचं नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं. विषय बदलायला त्याने पुढचं दार उघडून एक बटण दाखवलं. “हे बघा ना मॅडम, ही या गाडीची खासियत. हे दाबलं की चालवणाऱ्याचा आवाज थेट शेवटच्या रांगेत. पप्पांना मान वळवून ओरडायलाच नको.”

“आणि मागच्यांचं बोलणं पुढे?”

“ती... तशी सोय नाहीये, मॅडम.”

“अच्छा. भाऊजींनाच विचारून बनवलेली दिसतेय.”

तो चालवायच्या सीटवर बसला. ते बटण त्याने दाबलं आणि तसंच राहू दिलं.

मधली सीट दुमडून धाकटी मागे शिरली. दोनदा डोकं आपटलं, एकदा पर्स अडकली. बसल्यावर तिचे गुडघे छातीपाशी आले, कारण मागे पायाखालची जमीन उंच आणि सीट बुटकी. त्याने आरशातून ते बघितलं. बायको असती तर इथेच म्हणाली असती, “कोंबडी अंड्यावर बसवलीत की हो मला.” धाकटी नुसती ओठ आवळून बसली.

गाडी निघाली. शहरात ती शहाण्यासारखी चालली. सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं, पाय उचलला की न थरथरता सुरू व्हायचं. गोडबोल्या त्याच्या शेजारी बसून रस्ताभर बोलत होता, मायलेज, एअरबॅग, छताची काच. मागून धाकटीचे ओठ हलताना आरशात दिसले. ऐकू काही आलं नाही.

“काय म्हणतेयस?” त्याने विचारलं. त्याचा आवाज मागच्या स्पीकरांतून घुमला आणि ती दचकली.

ती ओरडली, “म्हटलं, इथे वारा येत नाही! आणि कानाशी ओरडू नका, मी बहिरी नाही! बहिरे तुम्ही आहात!”

“मॅडम, छतावर एसीची जाळी आहे, ती जरा फिरवा,” गोडबोल्या वळून म्हणाला.

“तुला कोणी विचारलं?” धाकटी आणि तो एकदमच म्हणाले.

त्यानंतर गोडबोल्या खिडकीबाहेर बघायला लागला.

खाणीमागचा रस्ता लागला. याच रस्त्याने भल्याभल्या गाड्यांची हाडं मोजली होती. खड्डा, मग सपाट, मग ओळीने खड्डे. पुढे बसलेल्यांना नुसते झोके बसत होते. तो वेग कमी करत नव्हता. मनात एकच, आता तरी ही गाडी हरू दे. काहीतरी तुटू दे, वाजू दे. नाही वाजलं. चाकं खाली आपटत होती, वर ती सोफ्यासारखी शांत. त्याने आणखी दाबली. ओळीतला शेवटचा, सगळ्यात खोल खड्डा आला आणि त्याच्या तोंडून इतक्या वर्षांच्या सवयीने निघून गेलं, “काय गं, गुडघा काय म्हणतोय?”

ते नेहमी तिथेच विचारायचा तो. नेहमी तेवढ्याच आवाजात.

बटण चालूच होतं.

त्याने ब्रेक लावला. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. धूळ पुढे निघून गेली. आरशात धाकटी दिसत होती. तिने दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती आणि ती त्याच्याकडे बघत होती. रडत नव्हती. मग तिने एक हात वर केला, डोक्याच्या जरासा वर.

ते तिला कोणी सांगितलं, हे त्याने विचारलं नाही. घरापर्यंत त्याने गाडी सावकाश आणली.

फाटकाशी थांबल्यावर तो खाली उतरला, मधलं दार उघडलं, सीट दुमडली आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

धाकटी वाकून दारापर्यंत आली आणि अडकली. एक पाय बाहेर, एक आत, खाली पायरी दिसेना.

“हात द्या की! दगडासारखे काय उभे राहिलात?”

त्याने हात पुढे केला नाही. तिने शिवीसारखं काहीतरी पुटपुटत सीटबेल्ट पकडला, आणि गुडघा कडेला आपटत खाली उतरली. साडी झटकली.

“पास का नापास?” त्याने विचारलं.

“काय?”

“मागची रांग. उतरताना हात मागितलास तू. पण उतरलीस आपली आपण. ती असती तर...”

“ती असती तर, ती असती तर!” धाकटीचा आवाज फाटला. “माझ्या तोंडून तिचा शेरा काढून घ्यायचा, तुमचं सदर छापून येणार, आणि सगळं पूर्वीसारखं! त्या दिवशी सकाळी फोन केला होता तिने मला. म्हणाली, यांचं तोंड फुगलंय, मी आज मागे बसले नाही म्हणून. हसत होती. म्हणाली, उद्या बसते, नाहीतर दोन दिवस जेवायचे नाहीत.” तिने पर्स खांद्यावर ओढली. “इतक्या गाड्या झाल्या, भाऊजी. तुम्ही एकदा तरी बसलात का तिथे?”

त्याने आठवून बघितलं. आठवायची गरज नव्हती.

“नाही.”

“मग माझ्या आईला तिथे बसवायचं का नाही, हे तुम्ही कसं सांगणार? आता स्वतः बसा. बसून मग मला फोन करा. त्याआधी करू नका.”

“सर, मी बसतो हवं तर,” गोडबोल्या पुढे झाला. “मी चालवतोसुद्धा, तुम्ही मागे...”

“तू गप्प,” तो म्हणाला.

धाकटी चालत निघून गेली. थोडी लंगडत होती.

परीक्षण होईपर्यंत गाडी राहू द्या, असं सांगून गोडबोल्या रिक्षाने गेला. गाडी फाटकाशी उभी राहिली. शेजारणीने विचारलं, “घेतलीत का?” तो नाही म्हणाला. एका संध्याकाळी त्याने मधलं दार उघडलं, सीट दुमडली, आत डोकं घालून बघितलं. मागच्या सीटवर धाकटीच्या पर्सची तुटलेली कडी पडली होती. ती उचलायला पाय आत टाकावा लागला असता. त्याने सीट पुन्हा सरळ केली आणि दार लावलं. दार मऊ आवाजात बंद झालं, तेही त्याला खुपलं.

मग त्याने लेख पुन्हा लिहिला. खरं तेच लिहिलं. इंजिन उत्तम, ओढ भरपूर, ब्रेक चोख, खराब रस्त्यावर पुढची माणसं सुखात. सामानाला जागा नाही. बोलायचा माईक एकाच बाजूने चालतो, हेही लिहिलं. वरात हा शब्द काढून टाकला. शेवटी ‘मागची रांग’ असं उपशीर्षक टाकलं, आणि तिथे थांबला.

गोडबोल्या येऊन गाडी घेऊन गेला. संपादकांचे दोन फोन येऊन गेले. त्या उपशीर्षकाखालची ओळ अजून लिहायची आहे. मागच्या सीटवर तो अजून बसलेला नाही, आणि धाकटीला फोन केलेला नाही.